ऊन आधी, वीज मागून

६ जानेवारी, सोमवार

आज पेटी गावातल्या हौशीरामच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये बसली. मला दुपारचं जेवण गेलं नाही.

पेटी माझ्या नातीने, रुपालीने बनवली आहे. नवलाख उंबरे गावातल्या कंपनीत ती सर्किट बोर्ड जोडायची. पगार वेळेवर, बस कोपऱ्यावर. दिवाळी झाली आणि सोडून दिलं. सोमाटण्याला आईबापाकडे न जाता वडिवळ्याला आमच्याकडे आली, पडवीत टेबल मांडलं आणि तारा पसरल्या. तिच्या बापाने, म्हणजे आमच्या मुलाने, माऊलीने, फेब्रुवारीअखेरची मुदत घातली आहे. तोवर पेटी कुणी विकत घेतली तर ठीक, नाहीतर एक मार्चला परत कंपनीत. कंपनीवाले घ्यायला तयार आहेत. हौशीराम म्हणतो, "व्हॅलेंटाईनची तोडणी पार पडू दे. तोवर पेटी टिकली तर माझ्या बाकीच्या पॉलिहाऊसना बी तुझ्याच पेट्या." म्हणजे सगळं गुलाबावर आलं.

गुलाबाच्या आठ बेडमध्ये आठ सळया रोवल्या आहेत. हौशीरामने त्या मागच्या वर्षी घेतल्या होत्या. प्रत्येकीच्या डोक्यावर तळहाताएवढी सोलरची पाटी. ऊन पडलं की सळई जागी होते आणि मातीत ओल किती आहे ते तारेतून सांगते. पेटी ते ऐकते आणि लागेल त्या बेडला ठिबकचं पाणी सोडते. पेटीत एक काळी चिप आहे, झुरळाएवढी. रुपाली मला म्हणाली, "आठी जणी एकदम बोलल्या तर काय कळणार? ही चिप एकीचं दार उघडते, ऐकते, बंद करते, मग दुसरीचं. आबा, ही चिप म्हणजे पाटकरी. तुमीच बसलाय आत."

मी जन्मभर धरणाच्या पाटावर पाटकरी होतो. शेताशेताला पाणी वाटायचं. शाळा सातवीपर्यंत. बरं वाटलं ऐकून. पण आपण जिथे बसलो आहोत तिथे काही बिघडलं तर, असंही मनात आलंच.

८ जानेवारी, बुधवार

पॉलिहाऊस घरापासून हाकेवर आहे. पेटीकडे येताजाता बघायचं काम मी मागून घेतलं. रुपाली दिवसा असते, पण संध्याकाळी टेबलाला बसते.

काल अंधार पडताना पेटीचा लाल दिवा चालू बघून जीव घाबरा झाला. रात्री गावातल्या मोटारी बंद झाल्या की विजेचा दाब वाढतो. मागे शेजारच्या बयाबाईचा टीव्ही असाच गेला. उंदीर आहेत, ओल आहे. रात्री ठिबक चालत नाही, मग पेटीने जागायचं कशाला? मी मेन बटण बंद केलं. पाटावर असतानाही दिवस मावळला की सगळी दारं बंद करून, हात फिरवून मगच घरी यायचो. सकाळी चहा, अंघोळ, देवपूजा आणि मग बटण चालू. तोवर प्लास्टिकवर चांगलं ऊन चढलेलं असतं.

रुपालीला सांगितलं नाही. हसली असती.

११ जानेवारी, शनिवार

चिप जळाली.

सकाळी मीच बटण लावलं. नऊ वाजता रुपाली गेली तर तिसऱ्या बेडला तळं झालेलं. पेटी उघडली, चिपला बोट लावलं आणि ओरडून मागे घेतलं. इतकी तापली होती. बोटाला फोड आला आहे.

दोष माझा आहे. काल बयाबाईला मी म्हणालो, "पेटी झ्याक चाललीय." असं उघड बोलायचं नसतं.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. रुपालीने नवी चिप बसवली. तिच्याकडे पाच-सहा आणून ठेवलेल्या आहेत. टेबलावर ठेवून तिने दोन दिवस पेटी चालवली, काही झालं नाही. घरी चाचणीला ठेवलेल्या सळया आणि पेटी ती एकाच बोर्डला लावते, एका बटणात सगळं चालू, एका बटणात बंद. तिथे पेटी शहाण्यासारखी वागते.

मी पेटीला लिंबू-मिरची बांधली. रुपाली म्हणाली, "आबा, मिरचीचं पाणी आत गळलं तर?" मग पेटीवरून काढून दाराला बांधली. शालूबाई म्हणाली, "लिंबू जाऊ दे, आदी तोंडाला बांधा कायतरी. सांच्याला सगळ्या गावाला पेटीची खबर देत फिरताय." सणाच्या दिवशी बायकोने असं बोलावं? तिळगूळ मात्र मोठा दिला.

१७ जानेवारी, शुक्रवार

दुसरीही जळाली. काल गुरुवार, दर आठवड्याला वीज बंद ठेवायचा वार, दुपारपर्यंत वीज नव्हती, तेव्हा काही झालं नाही आणि आज सकाळी, मी बटण लावल्यावर थोड्या वेळात, वास आला.

हौशीराम आला होता. तोडणीला आठवडा राहिला आहे. दोन बेडच्या कळ्यांनी माना टाकल्या आहेत. तो ओरडला नाही, ते जास्त वाईट.

"पोरी, तू हुशार हैस, त्यात वाद न्हाई. पन गुलाबाला हुशारी दिसत न्हाई, पानी दिसतं."

"भाऊ, मला कारण सापडत नाहीये. सापडलं की पुन्हा होणार नाही."

"आनि सापडस्तवर?"

"तोवर मी स्वतः पाणी सोडते. हाताने."

गेला. रुपाली जेवली नाही. मी आज निघताना शिंकलो होतो, तिला अजून सांगितलेलं नाही.

२० जानेवारी, सोमवार. लोणावळा

उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. सरुबाईकडे, म्हणजे मेहुणीकडे उतरलो आहे. डोळ्यावर पट्टी. हे एका डोळ्याने लिहितो आहे, ओळी चढत असतील.

डॉक्टर म्हणाले तीन दिवस इथेच थांबा. माझा जीव पेटीत, कालच रुपालीने तिसरी चिप बसवली आहे. शालूबाईला फोन केला, रात्री बटणाकडे बघा म्हणून. म्हणाली, "मला गुडघं हैत का तिकडं जायला?" म्हणजे रात्रभर पेटी जागीच राहणार. झोप येणार नाही.

२३ जानेवारी, गुरुवार

घरी आलो. काळा चष्मा लावायचा, दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, वाकायचं नाही. शालूबाई म्हणते, आधीही कुठे वाकत होतात.

नवल म्हणजे मी नसताना पेटी एकदाही बिघडली नाही. आज दुपारपर्यंत वीज नव्हती, तरी नाही. हौशीरामने परत विश्वास टाकला, तोडणी पेटीच्या पाण्यावर सुरू करतो म्हणाला. रुपाली हसत होती, पण मधेच म्हणाली, "का चालतेय तेच कळत नाही आबा. का बिघडते ते कळत नव्हतं, त्यापेक्षा हे वाईट."

मला कळतं. लिंबाचा गुण यायला वेळ लागतो. संध्याकाळी चष्मा सावरत गेलो आणि बटण बंद करून आलो. इतक्या दिवसांनी पेटीला विसावा मिळाला.

२५ जानेवारी, शनिवार

नवीन डोळ्याने जग फार उजळ दिसतं. शालूबाईच्या लुगड्याचा रंग मी इतके दिवस तपकिरी समजत होतो, तो जांभळा आहे. तिला सांगितलं तर म्हणाली, "आता सुरकुत्या मोजू नका म्हंजी झालं."

सकाळी पॉलिहाऊसमध्ये आणखी एक गोष्ट दिसली. बटण लावायच्या आधीच पेटीचा लाल दिवा जळत होता. अगदी मंद, राखेतल्या विस्तवासारखा. बटण तर बंद होतं, मी हात लावून बघितलं. मला वाटतं विजेचा थोडा जीव मागे राहत असेल. नमस्कार केला आणि बटण दाबलं. दिवा लख्ख झाला.

२६ जानेवारी, रविवार

लिहायला हात धजत नाही. तिसरी चिप गेली, ऐन तोडणीत.

हौशीरामने पेटी बंद करून बायकांना नळीने पाणी द्यायला लावलं आणि रुपालीला म्हणाला, "आठ दिस देतो. मग मी पुन्याची पेटी आनतो. माझा बी नाईलाज हाय." दुपारी माऊलीचा फोन आला. तो रागावला नाही, कंपनीची बस आता कामशेतवरून जाते एवढंच म्हणाला. तेही वाईटच.

रुपाली पडवीत जळकी चिप हातात घेऊन बसली होती. मी शेजारी बसलो. तिला धीर यावा म्हणून म्हणालो, "पोरी, त्या पेटीत जीव हाय बरं का. काल मी बटन लावायच्या आदीच तिचा दिवा मिणमिणत हुता."

ती चिपकडेच बघत होती. म्हणाली, "कुठल्या आधी?"

"बटन लावायच्या. सकाळी."

"सकाळी बटण का लावता?"

"सांच्याला बंद करतो म्हून."

तिने मान वर केली. "रोज?"

"लोनावळ्याला हुतो ते दिस सोडून," मी सांगितलं. लपवायचं कशाला? "रातीचा दाब लय वाढतो. म्या आजपत्तोर एक दिस चुकलो न्हाई."

ती माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं डोळा लाल दिसत असेल. मग तिने तोंडावर हात धरला आणि हसायला लागली, इतकी की डोळ्यांतून पाणी आलं. पोरीच्या मनावर ताण फार झाला आहे. शालूबाईला सांगून तिच्या डोक्याला तेल लावून घेतलं.

२७ जानेवारी, सोमवार

सकाळी मला बरोबर नेलं. काल संध्याकाळी चौथी चिप बसवून तिने मलाच सांगितलं होतं, "आबा, नेहमीसारखं बंद करा. काही वेगळं करू नका." म्हणजे माझी काळजी तिला पटली.

ऊन यायच्या आधी आम्ही पेटीसमोर बसलो. दिवा विझलेला. डोंगरावरून ऊन आलं, प्लास्टिक पिवळं झालं आणि बघता बघता दिव्यात मंद लाली आली. बटण बंदच. तिने मीटरच्या सुया एका तारेला लावल्या, दुसरीला लावल्या आणि "हां" म्हणाली. नंतर पुन्हा "हां".

परत येताना बांधावर बसून तिने मला समजावलं. मला समजलं ते असं. सळया उन्हावर चालतात, पेटी विजेवर. सकाळी ऊन आधी येतं, वीज मागून. चिप झोपलेली असते आणि आठही तारांतून सळयांची वीज दारावर येऊन थांबते. दार उघडणारा झोपलेला, मग ती वीज भलतीकडून वाट काढते. चिपच्या अंगातून उलटी वर चढते आणि दिव्यापर्यंत पोचते. म्हणून तो मिणमिणतो. अशात खरी वीज आली की चिप गोंधळते, आतल्या आत वीज सरळ खाली धावते आणि ती जळते. रोज जळते असं नाही, पण एखाद्या दिवशी जळतेच.

मी म्हणालो, "आगं, ही तर पाटावरची गोष्ट झाली. खालचं दार उघडायच्या आत वरनं पानी सुटलं की बांध फुटतो."

"बरोब्बर तेच आबा."

"मग दोष उन्हाचा हाय. लौकर उटतं."

तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. "आबा, तुमी नसता तर मला हे कधी कळलंच नसतं."

घरी येऊन हे शालूबाईला दोनदा सांगितलं.

२८ जानेवारी, मंगळवार

रुपाली कामशेतहून गाडीने पुण्याला सामान आणायला गेली. मी मागे नुसता घिरट्या घालतो आहे. गॅस तीनदा बघितला.

संध्याकाळी एक गोष्ट कानावर आली. मी मोरीत हातपाय धूत होतो. स्वयंपाकघरात शालूबाई म्हणाली, "म्हाताऱ्याला सरळ सांगून का टाकत न्हाईस?" रुपाली म्हणाली, "नको आजी. सांगून काय होणार? जीवाला लावून घेतील. मी करते ना बरोबर."

माझ्या डोळ्याचं काहीतरी आहे. डॉक्टरने तिलाच बाजूला घेऊन सांगितलं असणार.

२९ जानेवारी, बुधवार

रात्रभर डोळा मिटून, उघडून बघितला. सकाळी राहवलं नाही. चहा पिताना विचारलं, "डोळ्याचं काय लपवताय माझ्यापास्नं? सांगा. माझी तयारी हाय."

 शालूबाईने बशी खाली ठेवली. म्हणाली, "आवं, डोळा बेस हाय तुमचा. त्यो डोळा हाय म्हून तर पोरीचं काम झालं." रुपालीने डॉक्टरचा कागद वाचून दाखवला. डोळा चांगला आहे. मग लपवलं काय, हे विचारायचं राहून गेलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

२ फेब्रुवारी, रविवार

नवी पेटी झाली. चिप तीच ठेवली आहे. महागाची एक मिळते, ती जन्मतःच असले धक्के सोसते, पण रुपाली म्हणते त्या चिपने पेटीची किंमत हौशीरामभाऊंच्या हाताबाहेर जाईल. त्याऐवजी तिने आठही तारांच्या वाटेत एकेक बारीक अडथळा घातला आहे, त्याला रेझिस्टर म्हणतात, म्हणजे ऊन कितीही लवकर उठलं तरी तारेतून धार येणार नाही, पाझर येईल. आणि चिपला जिथून वीज मिळते तिथे एक डायोड, एकाच बाजूला उघडणारी झडप. वीज आत येईल, पण चिपमधून उलटी बाहेर जाऊन बाकीच्या पेटीत शिरणार नाही. दोन्हींची किंमत चहाएवढी. एवढ्याशा वस्तूंपायी पोरीचे तीन आठवडे गेले.

संध्याकाळी मला पडवीत बोलावलं. सळया, छोट्या सोलर पाट्या आणि बल्बचं ऊन, सगळं मांडलं होतं. "आबा, तुमी बटण बंद करा. आता चालू करा. आता लगेच बंद. आता थोडं थांबून." हात दुखेपर्यंत करायला लावलं. मी विचारलं, "तूच का करत न्हाईस?" तर म्हणाली, "माझा हात जपून चालतो. तुमच्यासारखा पाहिजे."

असं काम आजवर कुणी माझ्यावर सोपवलं नव्हतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

पेटी पॉलिहाऊसमध्ये बसून तीन दिवस झाले. आज गुरुवार, वीज गेली ती दुपारी आली. मी पेटीसमोर पिंपावर बसून होतो. वीज गेली तेव्हा दिवा पूर्ण विझला. मिणमिण नाही. वीज आली तेव्हा लख्ख. पेटीवर ओलीचे आकडे आठही बेडचे बरोबर. सकाळ-संध्याकाळ माझं बटण चालू आहे. रुपाली आता रोज विचारते, "आबा, केलं का बंद?" मी न विसरता हो म्हणतो.

तरी काळजी वाटतेच. इतके दिवस चांगले गेले की भीती वाटते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तोडणी संपली. माल मुंबईला गेला, तिथून विमानाने. शेवटच्या गाड्यांत तिसऱ्या बेडचे दांडे सगळ्यांत लांब होते, तोच बेड ज्याला तळं झालं होतं.

दुपारी हौशीराम आला. बरोबर सोमाटण्याहून माऊलीही आला होता, त्याला रुपालीने बोलावलं होतं की हौशीरामने ते कळलं नाही. सगळे पेटीसमोर उभे, झाकण उघडलेलं. डोक्यावर कडक ऊन. हौशीराम म्हणाला, "पेटी चांगली. पन माझ्या बाकीच्या पॉलिहाऊसला गडी येगयेगळे. कुनी बी कवा बी बटन दाबतो. मग?"

रुपाली म्हणाली, "आबा, दाखवा."

मी पुढे झालो. भर उन्हात बटण बंद केलं. दिवा गेला. हौशीराम चिपवर बोट ठेवायला निघाला, मी म्हणालो, "ठेव, भाजत न्हाई." त्याने ठेवलं. थंड. मी बटण लावलं, आकडे आले. पुन्हा बंद, पुन्हा चालू. माऊली माझ्या हाताकडे बघत होता.

"मग आदी का जळत हुत्या?" हौशीरामने विचारलं.

"चूक माझी होती भाऊ," रुपाली म्हणाली. "वीज जाणार, कुणीतरी बटण बंद करणार, हे मी धरलंच नव्हतं. टेबलावर सगळं एकदम चालू होतं, तसंच इथे होईल असं समजले."

मला राग आला. पोरीने उगाच अंगावर घेतलं. दोष उन्हाचा होता, तिनेच मला समजावलेलं. पण चार लोकांत बोललो नाही.

हौशीराम म्हणाला, "पाच पेट्या. पावसाच्या आत." माऊलीने खोकल्यासारखं केलं आणि म्हणाला, "कंपनीत कळवून टाकतो मंग. जागा दुसऱ्या कुनाला देऊ द्यात." रुपालीने त्याच्या पाया पडायच्या निमित्ताने तोंड खाली केलं ते लवकर वर केलंच नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

रुपालीने नव्या पेट्यांसाठी कामशेतहून पट्ट्या छापून आणल्या. झाकणावर चिकटवायच्या. मी वाचून बघितली. लिहिलं आहे: "बटण कधीही बंद केले तरी चालेल."

असं कुणी लिहितं का? बाकीच्या सगळ्या यंत्रांवर लिहिलेलं असतं की हात लावू नये. मी म्हणालो, गिऱ्हाईकाला वाटेल ही पेटी बंद ठेवायसाठीच आहे. रुपाली म्हणाली, "असू दे आबा. ही ओळ सगळ्यांत महागात पडलीय मला." शालूबाई चुलीकडे तोंड करून हसत होती. हल्ली या घरात माझ्या पाठीमागे बरंच हसतात. पण जेवायला गोड मिळतं, म्हणून मी विचारत नाही.

पहिली पट्टी तिने मलाच चिकटवायला दिली, पॉलिहाऊसमधल्या पेटीवर. थोडी वाकडी लागली. काढून सरळ करू म्हटलं तर नको म्हणाली.

संध्याकाळी जाऊन बटण बंद केलं. दिवा पूर्ण विझला, आत काही मिणमिणत राहिलं नाही. ठिबकच्या झडपेवर हात फिरवला, दार ओढून घेतलं. उद्या ऊन माझ्या आधी पोचलं तरी घाई नाही. चहा दोन कप घेईन म्हणतो.